बाबांच्या तक्रारी, वेळेत बंद

४ मार्च, सकाळ
राऊटर बंद करून चालू करतोय तोच बाबांची दुसरी हाक. टीव्ही लागत नाही. रिमोट उलटा धरला होता. सरळ करून दिला. तक्रार बंद.
आयटी सपोर्टच्या कोर्सच्या मॅडम म्हणाल्या, सराव रोजच्या आयुष्यात शोधा. मला घरातच मिळाला. ग्राहक एक, सर्व्हिस डेस्क मी. परीक्षा पास झालो की नोकरी लांब नाही.

५ मार्च
आजचा धडा. इन्सिडंट म्हणजे अडलेलं काम. ते आधी चालू करून द्यायचं. प्रॉब्लेम म्हणजे ते पुन्हा पुन्हा अडण्यामागचं कारण. ते प्रकरण लांबलचक आहे. शेवटी बघू.
बाबांना मोबाइलचं लॉक उघडेना. उघडून दिलं. दुपारी पुन्हा. उघडून दिलं. हात बसतोय.

७ मार्च
धाकट्या बहिणीचा फोन. बाबांनी तिला सकाळपासून तीनदा विचारलं, तू कुठे राहतेस. दादा, हे नेहमीचं विसरणं नाही, डॉक्टरांना दाखव, म्हणाली. तिला समजावलं की परस्पर तक्रारी घ्यायच्या नाहीत, सगळं माझ्यामार्फत. तू बाबांचा मुलगा आहेस की कॉल सेंटर, म्हणाली. कौतुक समजायला हरकत नाही.

९ मार्च
बाबांनी गॅस सोडला, पेटवलाच नाही. वास मला आला. खिडक्या उघडल्या. शेगडीवर चिठ्ठी चिकटवली: आधी मला विचारा. मूळ कारण तसंच ठेवून तात्पुरती वाट काढायची, याला वर्कअराउंड म्हणतात.
बाबांनी वाचून विचारलं, मला म्हणजे कुणाला? मुद्दा बरोबर. खाली माझं नाव लिहिलं.

१० मार्च, संध्याकाळ
बाबा चिडले. तुला काही जमत नाही, तुझ्या आईला बोलाव. आईला जाऊन पाच वर्षं झाली. सौम्य शब्दांत सांगितलं. रडले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. पाणी दिलं.
थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, तुझी आई कुठे? या खेपेस म्हणालो, येईलच. रडले नाहीत. सेवेत सुधारणा.

१२ मार्च
डॉक्टर परीक्षेनंतर. एका वेळी एकच बदल करावा, असं पुस्तकातच आहे.

१५ मार्च
परीक्षा. प्रश्न: एकाच ग्राहकाची तीच तक्रार वारंवार येते, काय कराल? झकास लिहिलं. तक्रारी सुट्या बघू नयेत. मूळ कारण शोधावं. उशीर करू नये. पेपर घेताना चाळून मॅडम म्हणाल्या, वर्गात वाचून दाखवण्यासारखं आहे.
घरी आलो तर बाबा चपला घालून दारात. मला घरी सोडता का, म्हणाले. म्हटलं, घरीच आहात. आत आणून बसवलं. तक्रार बंद.

१६ मार्च
सकाळी बाबा अंथरुणात नव्हते. दोन गल्ल्या पलीकडे औषधांच्या दुकानदाराने त्यांना पायरीवर बसवून ठेवलं होतं. अनवाणी. धाकटी आली. डॉक्टरांकडे नेलं.
हे कधीपासून, डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, आज सकाळपासून. धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली.
मग डॉक्टरांनी माझ्याकडे बोट करून बाबांना विचारलं, हे कोण? बाबा म्हणाले, नाव नाही सांगता येणार, पण हाक मारली की लगेच येतात.