आप्पांच्या धोतरांचे लंगोट

पेण, ४ जानेवारी १९८९

तीर्थस्वरूप दादांस,

सरूला दत्तक घेतल्याचं कळवलं, त्यावर तुमचं कार्ड पोचलं. आशीर्वादाला जागा पुरली नसावी. आप्पांची धोतरं मात्र परत मागितलीत, "ती घरातल्या मुलांसाठी आहेत." कडेला आडवं लिहिलंत, मुलीचा गाजावाजा नको.

उशीर झाला. आपले वडील शेवटपर्यंत माझ्याकडे होते, म्हणून धोतरंही माझ्याकडेच राहिली. त्यांचे मी चोवीस लंगोट शिवले. घरातल्या थोराच्या अंगावर मऊ झालेलं धोतर बाळाला पहिलं लागावं, ही आपलीच रीत. तुम्हाला आजोबांचं लागलं होतं. वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवते आहे. लंगोटाला गोत्र असल्याचं वचन अजून आढळलेलं नाही.

धुण्याला येणाऱ्या हौसाला कार्ड वाचून दाखवलं. लंगोट पिळता पिळता ती म्हणाली, "बाय, ही पोर रोज आप्पांच्या मांडीवरच मुतते की. नात नाय तर काय हाय?"

लंगोट पुढच्या अंगणात वाळतात. ऊन तिथेच येतं, आणि गल्लीही तिथूनच जाते.

हे पत्र पेटीत टाकत नाही. रविवारी सूनबाईच्या डोहाळजेवणाला सरूला घेऊन रोह्याला येतेच आहे. पिशवीत बारा लंगोट असतील, उकळून घड्या घातलेले. होणाऱ्या बाळासाठी ठेवून घ्या. कोणी विचारलं तर सांगा, त्याच्या आत्याचे आहेत.

तुमची धाकटी बहीण आणि सरूची आई,
वत्सला