ओठांतली टाचणी

३ जून
टाचणी पडली! वकीलबाईंच्या कोटाची बाही टाचत होते. दुसरी धरली, तीही ओठांतून सुटली. वीस वर्षांत असं कधी झालं नाही. वर डावा कान असा ठणकतोय की विचारायची सोय नाही.

४ जून
आरशात पाहिलं नि किंचाळले. अर्धं तोंड एकीकडे! डावा डोळा मिटत नाही, चहा हनुवटीवरून ओघळतो. डॉक्टर म्हणाले, "कानात नागीण झालीय. चेहऱ्याची नस सुजलीय. लगेच आलात, बरं केलंत." गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना डोळ्याला पट्टी. तोंड सरळ होईल ना? तर म्हणे, आत्ताच सांगता येत नाही!

९ जून
गिऱ्हाइकांसमोर जात नाही. आतल्या खोलीत बसून काज करते. मापं सासूबाई घेतात.

लग्न झाल्यापासून त्यांचा एकच धोशा — "टाचण्या तोंडात धरू नकोस, गिळशील!" आता चकार शब्द नाही. काल तर टाचण्यांची उशी गुपचूप माझ्यापुढे सरकवली. इतकं लागलं मला! ओरडा ना, बाई.

२६ जून
गाल फुगवायचा व्यायाम. हवा फुस्स! हसू आलं, तेही वाकडंच.

२ जुलै
सासूबाई हळूच म्हणाल्या, "वकीलबाईंच्या कोटासाठी बाहेरचा मास्तर बोलवू का गं?" डोकंच फिरलं माझं. कोट मी कापलाय! आज तो आला की उद्या माझं टेबल त्याचं. म्हटलं, "तीन आठवडे द्या. नाही जमलं तर खुशाल बोलवा."

११ जुलै
डावा ओठ हलला! तसूभर, पण हलला!!

१८ जुलै
एक टाचणी. दहा आकडे मोजेपर्यंत. दार लावून नाचले.

२३ जुलै
वकीलबाई आल्या आणि मी बाहेर गेले. डोळा अजून पुरता मिटत नाही, हसू अजून एकाच बाजूला. त्या टक लावून बघत राहिल्या. म्हटलं, "बघून झालं असेल तर हात वर करा." खो खो हसल्या! उशीला हात लावला नाही. तीन टाचण्या ओठांत, बाही चोख बसली, एकही पडली नाही. मास्तर गेला उडत!

२४ जुलै
आज पाच धरल्या. सासूबाई मशीन थांबवून कडाडल्या, "काढ आधी त्या तोंडातून! गिळशील!"

वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं ऐकलं. नाहीतर हसता हसता खरंच गिळल्या असत्या.