क्रियापदाची पंगत

अमरावती, ३ डिसेंबर १८६३

सापडलं! महिनाभर डोकं फोडून राहिलो होतो. इंग्रजीचं क्रियापद म्हणजे पंगतीचा यजमान! 'स्लीप' एकच पान मांडतो — झोपणाऱ्याचं. 'गिव्ह' तीन मांडतो — देणारा, घेणारा अन् दिलेली वस्तू. आपल्याकडे नावाला 'नं', 'ला-ले' लावलं की माणूस कुठंही बसो, ओळखू येतो. इंग्रजीत जागेवरूनच ओळख. 'टायगर किल्स ऑक्स' — पाट बदलले की बैलच वाघाला मारतो!

एकटाच खो खो हसलो. बायको म्हणाली, "पागल झाले काय हो तुमी?"

७ डिसेंबर

अमेरिकेत लढाई, तिकडचा कापूस बंद; इथं कापसाला सोन्याचा भाव. खरेदीला आलेल्या नव्या साहेबाला दुभाष्या पाहिजे. मी अर्ज केला. ही जागा मिळालीच पाहिजे!

साहेबाचे बडे कारकून वामनराव म्हणाले, "भगवंतराव, एकच ध्यानात ठेवा. 'चूक झाली' म्हनाचं. कोनं केली, ते नाई."

१४ डिसेंबर

उद्या बाजारात परीक्षा.

१५ डिसेंबर

काय दिवस उगवला!

साहेबाला हौस — सौदा स्वतःच करायचा. चांदूरच्या सूर्यभान पाटलाच्या कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. रिवाजाप्रमाणे दोघांनी उपरण्याखाली हात घातले. तिथं तोंडानं बोलायचं नसतं. घेणारा जितकी बोटं धरील तितके रुपये चालू भावाच्या वर. साहेबानं आपल्या देशाच्या रीतीनं अख्खा पंजा धरला अन् गदागदा हलवला. पाच! सूर्यभाननं "जमलं!" म्हणून बैल सोडले.

भाव कळला तसा साहेब लालबुंद. "ही चीटेड मी!" — यानं मला फसवलं, पोलिसाला बोलवा! वामनराव जमिनीकडं पाहत पुटपुटले, काही चूक झाली असावी. सूर्यभान माझ्याकडं वळला, "भाऊ, काय म्हनून राहिला हा? म्या त काईच नाई केलं!" एका 'चीट'नं त्याला लबाडाच्या पाटावर बसवलं होतं. तुरुंगात गेला असता बिचारा.

वामनरावांचा सल्ला आठवला. तरी बोललो — "यू ऑफर्ड फाइव्ह, सर. ही ॲक्सेप्टेड." भाव तुम्ही दिला, त्यानं घेतला! अन् उपरणं घेऊन साहेबाचाच पंजा धरून बोटांची भाषा दाखवली. साहेबानं आपल्या हाताकडं पाहिलं. मग मान डोलावली. सौदा कायम!

सूर्यभाननं मला उचलूनच घेतलं. जाताना वामनराव म्हणाले, "नोकरी इसरा आता." मनाला लागलं. पण आज मी वाघाला वाघ म्हटलं! घरी येऊन पुरणपोळी हाणली.

१८ डिसेंबर

साहेबाचा चपराशी आला. दुभाष्याची जागाच रद्द. मग म्हणतो, "साहेबाले सोताच आपली बोली शिकाची हाय. चला, गुरुजी."

गेलो. साहेब सतरंजीवर मांडी घालून बसला होता. खुर्ची माझ्यासाठी ठेवली होती.