बियाण्याचं वांगं

माय, फाल्गुन लागला तरी चार दिवस पाऊस थांबलेला नाही. रनाळ्याच्या घरामागच्या वाफ्यात मेथी झोपली, टोमॅटोची फुलं गळाली. त्यांचं फार वाटलं नाही. जीव टांगला होता तो एका वांग्यावर. तुझ्या भरताच्या वांग्याचं जुनं बी यंदा नीट उगवलं नाही. एकच रोप जगलं, त्यावर बियाण्यासाठी एकच फळ राखलं. ते गेलं तर तुझं वाण आपल्याकडून गेलं.

रोज कॉलेजला निघण्याआधी छत्री धरून वाफ्याशी जात होते. चर खोल केला, फळाखाली वीट सरकवली, वर खताच्या पिशवीचं छप्पर बांधलं. तिसऱ्या दिवशी देठाजवळ बोटाएवढा काळा डाग दिसला. फळ अजून अर्धंच पिवळं.

तू काय केलं असतंस हे मला ठाऊक होतं. मी नऊ-दहा वर्षांची असताना असंच राखलेलं वांगं भाजायला तोडून आणलं होतं. तू चुलीपुढे पऱ्हाट्या मोडत होतीस. मारलं नाहीस. "बीनं वांगं शे ते. आते वाट दखनी पडी," एवढंच म्हणालीस आणि ते आढ्याला टांगलंस, पार सुरकुतेपर्यंत. त्याचं बी पुढच्या साली उगवलं.

मीही टांगू शकले असते. सडेल या धास्तीने मी ते आजच सकाळी चिरलं. बी पांढरं, कोवळं. पाण्यात टाकलं तर पोकळ बी तरंगतं तसं वर तरंगलं. पावसाने घालवलं, असं डायरीत लिहिलं आणि खोडलं. डाग सालीपुरताच होता.

संध्याकाळी शेजारची काकू आली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेली तिची लेक उद्या नवापूरला सासरी परत जाणार. तू माझ्या पदराला बांधलं होतंस, तसं तिला लेकीच्या पदराला बी बांधायचं होतं. "तुन्ही मायना वांगास्नं बी दे वं, चिमटीभर," ती म्हणाली. मी घुटमळले तशी हसली. "तुन्ही माय मांगाना आगोदर दी टाके. तुन्हाकडे काय अर्ज करना पडस?"

मी आत गेले. दुकानातून आणलेलं वांग्याच्या बियाण्याचं पाकीट फोडलं, बी राखेत चोळलं, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ती गाठ कपाळाला लावली. तुझं नाव घेतलं. खरं सांगितलं असतं तर तिचं मन मोडलं असतं, असं तेव्हापासून स्वतःला समजावते आहे.

हे पत्र कुणाच्या हाती जायचं नाही, म्हणून लिहिते. सगळंच बी तरंगलं नव्हतं. सहा दाणे तळाशी बसले होते. काकू दारात उभी होती तेव्हा ते आत ताटलीत वाळत होते, आणि पाकीट फोडायच्या आधी मी त्या ताटलीवर वर्तमानपत्र ओढलं.