विरळ की तलम

लीड्स, सोमवार

प्रिय आई,

मी बरी आहे, पार्लरमधली नोकरीही टिकली. डोक्यावरचे सगळे केस मिळून इंग्रजीत एकवचनीच, हे आता चुकत नाही. मालकीणबाईंनी मात्र बजावलंय, "गिऱ्हाइकाचे केस विरळ म्हणायचे नाहीत, तलम म्हणायचे!"

परवा मिसेस हॉलवर्थना मी तसंच म्हटलं. आजारपणात त्यांचे बरेच केस गेलेत. त्या आरशातूनच म्हणाल्या, "अगं, तलम कसले? विरळ म्हण आणि नीट काप!"

मी ओशाळले. माझी ती भीड होती की खोटेपणा?

उपचारांनंतर तुझे केस कसे आहेत? धाकटी स्वेतला लिहिते, "छान." तू खरा शब्द लिही. रजा मिळो न मिळो, ईस्टरला मी शुमेनला घरी येणार, आणि असतील तेवढे केस नीट कापणार.

तुझीच,
रादोस्तिना