तीन नंबरच्या टाकीचं वजन

६ फेब्रुवारी १९९५, सोमवार

आज नोकरीचा पहिला दिवस, आणि मी भलतीच खूश आहे! अंबरनाथ पश्चिमेला कुंदामावशींकडे खोली मिळाली, कारखानाही रिक्षाने जाण्याइतका जवळ. रंगांना लागणारी रसायनं इथे बनतात. सगळ्या प्लांटमध्ये मी एकटीच बाई, त्यामुळे सकाळपासून माझ्यासाठी खुर्ची पुसायची चढाओढ चालली होती.

गुप्तेसाहेबांनी काम समजावलं. बरीच वर्षं बंद असलेली तीन नंबरची टाकी पुन्हा सुरू करायची आहे. तिच्यावर नवा कंट्रोलर बसवलाय, तो साहेबांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरला मी जोडायचा. दोघांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये कन्व्हर्टर. वस्तू साबणाच्या डबीएवढी, पण तिच्याशिवाय त्यांचं जमायचं नाही. एकदा जमलं की टाकीतलं वजन केबिनमध्ये दिसेल आणि आतला ढवळायचा पंखा, ज्याला इथे सगळे स्टिरर म्हणतात, तोही तिथूनच चालू करता येईल. कामगारांच्या नादी लागायलाच नको, असं साहेब म्हणाले.

८ फेब्रुवारी, बुधवार

उल्हासनगर कॅम्प चारमधून कन्व्हर्टर आणला. दुकानातल्या सिंधीकाकांनी एकदम गॅरंटीचा माल म्हणून दिला, पण दुपारपर्यंत पडद्यावर नुसता कचरा. त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घालून झाल्यावर लक्षात आलं की दोन वायरी मीच उलट जोडल्यात. गाढवपणा माझा!

सकाळी फटीतूनच हात घालून जोडल्या होत्या; आता टाकीजवळचं पॅनेल नीट उघडायला गेले, तर स्टिररच्या स्विचला आणि दाराच्या कडीला मिळून एक पंचा बांधलेला, वाळून पापडासारखा कडक. सोडला आणि भंगाराच्या पिंपात टाकला. वायरी बदलल्या आणि आकडे धडाधड उतरले. मी चक्क टाळ्या वाजवल्या. फक्त रिकाम्या टाकीचं वजन सदुसष्ट किलो दाखवत होतं. काटा शून्यावर आणला आणि घरी आले.

९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पुन्हा सदुसष्ट.

टाक्या साफ करणारा कमळाकर समोर येऊन उभा राहिला. कुळगावचा आगरी, कधी आवाज न चढवणारा माणूस.

“म्याडम, त्यो पंचा कोनी सोरला?”

मी, म्हटल्यावर मला स्विचपाशी घेऊन गेला. मग त्याने सांगितलं. टाकीत उतरणारा माणूस आपला पंचा स्टिररच्या स्विचला बांधतो. पंचा आहे तोवर स्विचला कुणी हात लावायचा नाही, आणि वर आल्यावर तो ज्याचा त्यानेच सोडायचा. कमळाकरचा थोरला भाऊ भगवंत याच टाकीत उतरला होता. वरचा व्हॉल्व्ह गळला, तेजाब आत आलं. बाहेर काढण्यासारखं काही उरलंच नाही. पंचा सोडायला भगवंत आला नाही, म्हणून पंचाही कुणी सोडला नाही.

भूतबीत मी मानत नाही. पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिंपाकडे धावले, तर भंगारवाला माल उचलून गेलेला.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

कारखान्याची सुट्टी. मावशींनी वालाचं बिरडं केलं होतं. मी ताट झाकून ठेवलं.

११ फेब्रुवारी, शनिवार

काटा तपासला, बरोबर आहे. आकडा हलतो. छाती वरखाली व्हावी तसा. सदुसष्ट, सहासष्ट, सदुसष्ट —

कन्व्हर्टर काढून पर्समध्ये टाकला. पडद्यावर आकडा तसाच. हलतोय.

सोमवारी ट्रायल. त्याआधी कमळाकर आत उतरून टाकी साफ करणार. पंचा बांधेल, पण कॉम्प्युटर त्या स्विचला विचारतो कुठे? मीच तसं जोडलंय! साहेबांना म्हटलं, त्याला उतरवू नका. हसले. कन्व्हर्टर तुझ्याकडेच ठेव, म्हणाले, मग तर झालं?

१३ फेब्रुवारी, सोमवार

केबिनमध्ये आहे. कन्व्हर्टर मुठीत.

उतरण्याआधी कमळाकरला गोदामाच्या काट्यावर उभं केलं. बावन्न किलो. हसत होता, मलाच धीर देत होता. पंचा बांधून उतरला.

पडद्यावर एकशे एकोणीस. देवा, दोघं आहेत आत.

वर आला! खिडकीतून दिसला. सुटला बिचारा. मला रडूच आलं —

पंचा सोडला नाही त्याने. स्विचपाशी थांबला, दुसऱ्या कुणाची वस्तू बघावी तसा बघितला, आणि पुढे —

पडद्यावर बावन्न.

सदुसष्ट बाहेर आलेत. बावन्न आत आहेत. कमळाकर आत आहे.

दाराला आतून कडी घातलीय. साहेब ठोकतायत. माणूस वर आला, समोर उभा आहे, कन्व्हर्टर लाव, म्हणतात. ओरडून सांगतेय, टाकीत टॉर्च मारा, आत बघा — सगळे मलाच वेडी —

तो काचेपाशी आलाय. चेहरा कमळाकरचा. पापणी हलत नाही.

कन्व्हर्टर टाचेखाली ठेचला. तुकडे झाले. आता कुणालाच चालू करता —

बावन्न हलतोय. जोरात. शिडी शोधतोय का? कमळाकर, चढ, वर चढ —

स्टिरर चालू.

मी नाही केला. मी हातही नाही —

बंद होत नाही. वायर उपटली, बंद होत — अरे कुणीतरी —

बावन्न हलायचा थां