न फोडलेली पत्रं

२ मार्च

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

तू नर्स असून आता स्वतःच रोगी तपासून औषधं लिहून देतेस, हे मी शेजारणीला इतक्यांदा सांगितलंय की हल्ली ती मला पाहून दार लावून घेते. आता घरच्या रोग्याचंही ऐक. आठवडाभर पाय सुजताहेत. आडवं झालं की दम लागतो, म्हणून पाठीशी तीन उशा घेते. वय झालं, दुसरं काय! तू सांगशील तसं करीन.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच.

तुझी आई

८ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सगळं ठीक आहे हे वाचून बरं वाटलं. मी मजेत. कामाचा रगाडा आहे, इतकंच.

लोभ असू दे.

चिमी

१९ मार्च

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस, पण हे इस्पितळातून लिहितेय. हृदय थकलंय आणि फुप्फुसात पाणी झालं होतं म्हणे. धोका टळलाय. इतके दिवस दुखणं अंगावर का काढलंत, म्हणून डॉक्टर रागावले. मुलीला कळवलं होतं, हे अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. तुला बोल लागायला नको. पण चिमे, तुझ्या नजरेतून असलं काही सुटायचं नाही. तुझंच काही बिनसलंय का? मोकळेपणानं लिही.

तुझी आई

२३ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

मी तुझं दोन तारखेचं पत्र वाचलंच नव्हतं. रोज चाळीस माणसं समोर बसतात आणि प्रत्येकाचं काही ना काही दुखत असतं. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं आणि मनात आलं, आता हिचंही काहीतरी असणार. न फोडताच खणात टाकलं. आधीची तीनही तिथे तशीच आहेत. उत्तरं मात्र सगळ्या पत्रांना दिली. या वेळी पाकिटावर इस्पितळाचा शिक्का दिसला, म्हणून फोडलं.

सकाळी कामावर पोचले की गाडीतून उतरवत नाही. समोर कोणी रडलं तरी मी नुसती पुढचा प्रश्न विचारते. तू इस्पितळात आहेस हे वाचूनही रडू आलं नाही, तेव्हा मात्र माझी मलाच भीती वाटली. आज वरिष्ठांना सगळं सांगून दोन महिन्यांची रजा मागितली. मिळाली. पण तुला तोंड कसं दाखवू?

चिमी

२७ मार्च

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मग वाटलं, आईचं अक्षर पाहून जिला धडकी भरते, ती पोर किती दमली असेल!

काल घरी आले. तू ये. आलीस की आधी पोटभर झोप. माझी नाडी धरायची नाही की औषधं तपासायची नाहीत. त्याला इथले डॉक्टर आहेत. येताना ती पत्रं तेवढी आण. मी वाचून दाखवीन, तू नुसती पडून राहा.

वाट पाहते.

तुझी आई